फुलीचे कप

३ मार्च

प्रिय ठमे,

पार्सल पोचलं. पोस्टमनने ते दारातच उघडायला लावलं, कारण त्याला वाटलं आत खाऊ आहे. कप बघून त्याचं तोंड पडलं. म्हणाला, "कपांच्या गावात कप पाठवणारी ही कोण शहाणी?" मी म्हटलं, माझी नणंद.

पण खरं सांगते, कप सुंदर आहेत. सगळे एकसारखे, पातळ, कुठे काळा टिपका नाही, कुठे कान वाकडा नाही. तुझ्या दादाने एकेकाला टिचकी मारून नाद ऐकला. मग पालथा करून खालचा शिक्का बघितला आणि म्हणाला, "परक्या कंपनीचे आहेत. वर ठेवून दे, कुणी बघेल." म्हणून वरच्या फळीवर मागे सारून ठेवलेत. रोजच्या चहाला आपले फुलीचेच आहेत. तडकलेल्या कानाचा कानफाट्या दादाचा, टिपक्या माझा, आणि लंगडी किटली अजूनही भरली की कुणाच्या अंगावर कलेल सांगता येत नाही.

कारखान्याच्या निवडखोलीत आता नव्या मुली आल्यात. खोट दिसली की कपाच्या बुडाला अशी करकचून फुली ओढतात, जणू कपानेच त्यांचं काही वाकडं केलंय. मी होते तेव्हा हलक्या हाताने ओढायचे. फुलीचा माल खड्ड्यात नेऊन फोडायचा हा नियमही तसाच आहे, आणि डब्याच्या पिशवीतून तो घरोघर येतो हेही तसंच आहे. गेटवरचा पहारेकरी पिशवी उचलतो, वजन बघतो आणि परत देतो. त्याची बायको त्याला चहा कशातून देते ते त्याला माहीत आहे.

दादाचं विचारलंस. खोकला आहेच. जिना चढला की मधल्या पायरीवर थांबतो आणि मला दाखवायला म्हणून भिंतीचा रंग बघत उभा राहतो. कंपनीच्या डॉक्टरांनी लांब रजा दिलीय. कागदावर लिहिलंय, "दमा, घराण्यातला." मामंजींनाही होता, त्याअर्थी असेल.

आता लांब रजा म्हटली की टेकडीवरून कंपनीच्या मालकीण, थोरल्या बाई, येणार. चहा घेणार, चौकशी करणार, आणि उठायच्या आधी एकदाच विचारणार, "काही लागेल का?" गल्लीला आत्तापासून घाई झालीय. आपल्या शेजारच्या रेडिओवहिनीने (तिचा आवाज अजून कुणाला बारीक करता आलेला नाही) मला सांगून ठेवलंय, शिवणयंत्र मागा. तिच्या जावेने मागितलं, आठवड्यात घरी आलं. बाई कुणाला नाही म्हणत नाहीत हे खरं आहे. पण मला काही सुचत नाही. तू सांग, काय मागू?

तुझी,
वहिनी

९ मार्च

वहिनी,

शिवणयंत्र मागितलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

बाबांना दमा, दादाला दमा, म्हणजे दमा घराण्यातला. असं कसं असेल गं? आमच्या घराण्यात दमा नाही, आमच्या घराण्यात घासणी आहे. बाबा त्याच खोलीत बसून कच्च्या कपांच्या कडा घासायचे, दादाही तेच करतो. त्या खोलीतली धूळ तुला माहीत आहे. दादाच्या शर्टाला हात लावला की पिठाच्या डब्यात घातल्यासारखा पांढरा होतो. तेवढीच धूळ आत जाते. माझ्या वॉर्डात अशा छातीची माणसं रोज येतात. दगड फोडणारी, काच घासणारी. गेलेली छाती परत आणता येत नाही, वहिनी. राहिलेली तेवढी वाचवता येते, आणि ती धुळीतून माणसाला बाहेर काढूनच. रजा संपून दादा पुन्हा घासणीत गेला, तर पुढच्या वर्षी तो जिना चढणार नाही.

बाईंनी विचारलं की एवढंच म्हण, "ह्यांना घासणीतून काढा." गेटवर बसवा, बागेला पाणी घालायला लावा, काहीही चालेल. दादाला आधी सांगू नकोस. टेकडीवरच्यांच्या कारखान्याने त्याला आजारी पाडलं असं त्याच्या घरातून कुणी बोलणार म्हटल्यावर तो त्या दिवशी बाईंच्या वाटेत आडवा पडेल.

तुला बोलता येतं. मला बघायला आलेल्या त्या मुलाची आई माझ्या उंचीवर घसरली, तेव्हा तिला कुठल्या तोंडाने वाटेला लावलंस ते आठव. तेच तोंड वापर.

तुझी,
ठमी

२१ मार्च

प्रिय ठमे,

बाई येऊन गेल्या. सकाळपासून कंपनीची माणसं गल्ली झाडत होती. बाई बारीक झाल्यात, पण पाठ अजून ताठ आहे. दादाच्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचा हात फार हलका होता रे." दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. चहा घेतला. तू सांगितलेलं बोलले. बघते म्हणाल्या.

इकडे नळाचं पाणी सकाळी फार थोडा वेळ येतं. रेडिओवहिनीला नवीन चष्मा लागलाय. बाकी ठीक.

तुझी,
वहिनी

३० मार्च

माझी वाघीण वहिनी,

पत्र वाचून मी सगळ्या वॉर्डाला चहा पाजला. हेडनर्सने विचारलं, लग्न ठरलं का? मी म्हटलं, त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट आहे, माझ्या वहिनीने तोंड उघडलं.

पण पत्र किती आखडतं घेतलंस. मला सगळं हवंय. बाई कुठे बसल्या, तू कुठे उभी होतीस, बोलताना आवाज कापला का? आणि चहा कशातून दिलास? माझे कप काढलेस की नाही? निदान त्या दिवशी तरी लंगडी किटली बाईंच्या साडीवर कलली नसेल अशी आशा आहे.

दादाला नवीन काम कुठलं मिळालं ते कळव. मी वाट बघते आहे.

ठमी

२ जुलै

चि. ठमीस,

तुझी दोन पत्रं आली, तुझी वहिनी उत्तर लिहीत नाही. विचारलं की म्हणते, "लिहिते, मेथीची जुडी आहे का ती, घाई करायला?" म्हणून मीच बसलोय. माझं अक्षर लागलं नाही तर डॉक्टरांकडून वाचून घे, त्यांचंही असंच असतं.

इकडे आपलं नशीब उघडलं बघ. थोरल्या बाई आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी टेकडीवरून पेटी आली. आत सोनेरी काठाचे कप, पहिल्या प्रतीचे, जे फक्त परदेशी जातात. गावात कुणाच्या घरी नाहीत. लोक बघायला येतात. का पाठवले ते कळलं नाही. तुझी वहिनी तर त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही, बायकांचं काही सांगता येत नाही.

आणि रजा संपवून गेलो तर धाकट्या मालकांनी स्वतः बोलावून मला घासणीचा मुकादम केलं. बाईंची इच्छा म्हणाले. मला खुर्ची दिलीय ठमे, हातांची. खोलीच्या मधोमध ठेवलीय. आता कपाला हात लावायचा नाही, नुसतं बसायचं आणि चारी बाजूंना बघायचं. बाबा जन्मभर पाटावर बसले, त्यांनी ही खुर्ची बघायला हवी होती.

खोकला आहे. पण आता बसून खोकतो, हे काय कमी आहे?

तुझा,
दादा

८ जुलै

वहिनी,

दादाचं पत्र आलं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच झाकून ठेवला.

खोलीच्या मधोमध खुर्ची. चारी बाजूंनी घासणारे, आणि मध्ये माझा भाऊ. आधी तो निदान खिडकीजवळ बसायचा.

तू बाईंना नक्की काय म्हणालीस? "बघते" म्हणणारं माणूस असं करत नाही. तू बोललीस का, वहिनी? मला खोटं सांगितलंस का? एवढंच लिही. नळाच्या पाण्याबद्दल लिहू नकोस.

ठमी

१९ जुलै

ठमे,

नाही बोलले.

तुला खोटं लिहिलं. आता सगळं सांगते.

त्या दिवशी सकाळी पाणी उकळायला ठेवलं आणि ध्यानात आलं, बाईंना चहा कशातून द्यायचा? आपल्या घरातला प्रत्येक कप फुलीचा. म्हणजे प्रत्येक कप त्यांच्याच कारखान्यातून लपवून आणलेला. चोराने ज्याच्या घरी चोरी केली त्यालाच त्या ताटात जेवायला वाढावं, तशातली गत. शेजारून आणावे तर शेजारीही फुलीचेच. सगळ्या गावात सरळ कप असेल तर टेकडीवर. मग तुझे आठवले. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू. कानफाट्या, टिपक्या, लंगडी, सगळी मंडळी चादरीत गुंडाळून पलंगाखाली ढकलली आणि तुझे कप पुसून मांडले.

खालचा शिक्का माझ्या डोक्यातच आला नाही. जन्म कपांत गेला, माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात. दादा पलंगावर, नेमका त्याच पलंगावर. चहा घेताना मला म्हणाल्या, "चांगला झालाय." मी मनात तुझं वाक्य घोकत होते, ह्यांना घासणीतून काढा, ह्यांना घासणीतून काढा. बाईंचा चहा संपला. आणि मग त्यांनी तेच केलं जे आपल्या गावात कुणीही करतं, कप पालथा करून खाली बघितलं.

दादा भिंतीकडे बघायला लागला. बाईंनी कप बशीत ठेवला, अगदी हळू, आवाज न करता, आणि मला विचारलं, "काही लागेल का?"

ठमे, घोकलेलं वाक्य मी गिळलं. मला वाटलं, ज्यांचं अन्न खातो त्यांना परक्याच्या कपातून चहा पाजला, आणि वर तोंड करून तुमच्या धुळीने नवरा आजारी पडला म्हणू? मी म्हटलं, "काही नको बाई. तुमच्या कृपेने सगळं आहे." असं म्हणाले. कृपेने म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती पेटी आली तेव्हा मला कळलं, बाईंना वाटलं ह्या बाईला चांगल्या कपांची हौस आहे. आणि काही न मागणारं घर म्हणून दादाला खुर्ची.

तुझं पत्र आल्यावर दादाला सगळं सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, "खुर्ची सोडू? लोक काय म्हणतील?" टेकडीवर जाऊन मागायची पद्धत नाही, बाई आल्या तरच. मी दोनदा चढाच्या पायथ्याशी जाऊन परत आले.

तू मला वाघीण म्हणालीस ते पत्र मी पलंगाखाली त्या कपांतच ठेवलंय. एक विचारते, राग मानू नकोस. बाईंनीच खर्च करून तुला नर्स होईपर्यंत शिकवलं. तुझा टोपीतला फोटो कंपनीच्या हॉलमध्ये लावलाय. तुझा शब्द त्यांनी माझ्यापेक्षा जास्त ऐकला असता. तूच का नाही लिहिलंस?

वहिनी

४ ऑगस्ट

वहिनी,

तुझा प्रश्न मी आठ-दहा दिवस खिशात घेऊन फिरते आहे.

दरवर्षी मला बाईंना आभाराचं पत्र लिहावं लागतं. ह्या वर्षीचं मी एप्रिलमध्ये लिहिलं, तू वाघीण झालीस त्याच आठवड्यात. "आपल्यामुळे मी आज रुग्णांची सेवा करते आहे." हे मी लिहिलं, वहिनी, छातीच्या वॉर्डात बसून, आणि माझ्या भावाच्या छातीबद्दल एक शब्द लिहिला नाही. मला वाटलं, ते काम वहिनीने केलंय. खरं म्हणजे ते काम तुझ्यावर ढकलून मी सुटले होते. मी इथे लांब बसून शूर. परके कप पाठवायचीही हौस मलाच. आमच्या घरी निदान एक तरी बिनखोटीची गोष्ट असावी, असं वाटलं होतं.

आता पत्र लिहायला बसले, तीनदा फाडलं. पहिल्या ओळीत उपकार आले की दुसरी ओळ पुढे सरकत नाही. आणि पहिल्या ओळीत उपकार न आणता सुरुवात कशी करतात ते आपल्या गावात कुणी शिकवलंच नाही. मला स्वतःची लाज वाटते. तुझ्यावर ओरडले त्याची तर जास्तच.

रागावलेली नाही. दादाला खुर्ची खिडकीकडे सरकवायला सांग. तेवढं तरी.

ठमी

१४ डिसेंबर

प्रिय ठमे,

तारेतून तुला एवढंच कळवलं होतं की दादा परत रजेवर आहे. आता नीट लिहिते.

खुर्ची त्याने सरकवली नाही. म्हणाला, मुकादम कोपऱ्यात बसला तर त्याला कोण विचारणार. मग एक दिवस त्याला खुर्चीसकटच उचलून बाहेर आणलं. आता तो जिना चढत नाही. खालच्या खोलीत झोपतो, आणि भिंतीचा रंग बघायचं नाटकही करत नाही.

मग बाई आल्या. ह्या वेळी मी पलंगाखालची मंडळी बाहेर काढली. सोनेरी काठ कपाटात, तुझे फळीवर, आणि बाईंपुढे टिपक्या. लंगडी किटली मी हातात धरून ठेवली. दादा मला डोळ्यांनी नको नको म्हणत होता. मला भीती वाटत होती, पण लाजेला आता जागाच उरली नव्हती.

चहा संपला. बाईंनी कप पालथा केला. फुलीवरून अंगठा फिरवला.

"हा फुलीचा आहे," म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो बाई. सगळ्या गावात फुलीचेच आहेत."

"माहीत आहे मला. चाळीस वर्षं तुमच्याकडे चहा पितेय मी. मागच्या वेळी तू दुसरा कप काढलास, तेव्हा घरी जाऊन हसले होते. पातळ होता, छान होता." आणि मग, "काही लागेल का?"

मी म्हटलं, "ह्यांना घासणीतून काढा. धुळीने झालंय हे. मामंजींनाही धुळीनेच झालं होतं."

बाईंनी कप बशीत ठेवला. मला वाटलं, आता उठून जातील. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? गेटवर बसवते. अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

ठमे, मी मार्चपासून स्वतःला समजावत होते की सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. त्या एका वाक्याने माझा तेवढाही आधार गेला. इतके महिने. एका कपाच्या बुडापायी मी तुझ्या भावाला इतके महिने त्या खोलीत बसवलं. बाई गेल्यावर दादा मला म्हणाला, "जाऊ दे गं, मीही सोडली नसती खुर्ची." तो मला बरं वाटावं म्हणून बोलला, आणि त्याचं मला जास्त लागलं. गेले आठ दिवस तो गेटवर बसतोय. लोकांच्या पिशव्या उचलतो, वजन बघतो आणि परत देतो.

इथे पत्र संपवणार होते. पण काल दुपारी रेडिओवहिनी आली, आनंदाने नुसती फुललेली. तिच्या नवऱ्याला मुकादम केलं. दादाची खुर्ची त्याला मिळाली. घरी चार माणसं बोलावलीत म्हणून सोनेरी काठाचे कप मागायला आली होती. मी काढून दिले. पुसून दिले. अभिनंदनही केलं. धुळीचं काही बोलले नाही.

ती गेल्यावर मी माझा चहा तसाच ओतून टाकला. बाईंपुढे मी माझ्या माणसाचं तेवढं मागितलं. खुर्ची तिथेच राहणार, हे मला सुचलं नाही असं नाही ठमे, मी ते सुचू दिलं नाही. उद्या हीच रेडिओवहिनी माझ्या दारात उभी राहून मला विचारेल, आधी का नाही सांगितलंत?

म्हणून आज सकाळी चप्पल अडकवली आणि तिच्या घरी गेले. सगळं सांगितलं, मामंजींपासून. तुझ्या वॉर्डातल्या दगड फोडणाऱ्यांपर्यंत. तिला इतका वेळ गप्प मी कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, पटलं. मग ती म्हणाली, "तुमच्या ह्यांची खुर्ची आमच्याकडे आली म्हणून पोटात दुखतंय होय? अहो, दमा तुमच्या घराण्यातला. आमच्यात नाही कुणाला." आणि सोनेरी कप तिथल्या तिथे परत दिले, खरकटेच.

मी उद्या पुन्हा जाणार आहे. ती दार लावेल, तर परवा जाईन. मला निलाजरी म्हणाली तरी चालेल. पण माझ्या एकटीच्या बोलण्याला ती मत्सरच म्हणणार. म्हणून तू ते फाडलेलं पत्र पुन्हा लिही, बाईंना. त्यात दादाचं नाव नको. घासणीत बसणाऱ्या सगळ्यांचं लिही, आणि आभार अगदी शेवटी घाल. जमलं नाही तर आभार घालूच नकोस.

कप अजून धुतलेले नाहीत. आता उठते.

तुझी,
वहिनी